काचेवर चित्रपट रंगवायचा असेल, तर आधी पेत्रोव्ह बघा

मी चित्रपुस्तकं रंगवते आणि जोडीला काचेवरचं ॲनिमेशन शिकवते. नवा विद्यार्थी आला की पहिलं विचारतो, रंग कुठला आणि काच केवढ्या जाडीची? ते पुढे सांगतेच. पण माझ्याकडे सुरुवातीला कुणाच्या हातात रंग येत नाही. आधी काचेवर चित्रपट रंगवणाऱ्या रशियन अलेक्सांद्र पेत्रोव्हचे चित्रपट बघायचे, तेही थांबवत, मागे नेत, आवाज बंद करून.

कारण या कामाची गोम सामानात नाही. काचेवर ओला तैलरंग पसरायचा, बोटाने चित्र काढायचं, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक फोटो घ्यायचा. मग तेच चित्र थोडं पुसायचं, थोडं सरकवायचं आणि पुढचा फोटो. आधीचं चित्र गेलं ते गेलंच. शॉट संपतो तेव्हा काचेवर फक्त शेवटचं चित्र उरतं. म्हणून पहिलं बोट टेकवण्याआधी त्या शॉटचा शेवट डोळ्यांसमोर असावा लागतो. हे पेत्रोव्हइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

तो 1957 साली रशियातल्या यारोस्लाव्हल प्रांतात, प्रेचिस्तोये गावी जन्मला. मॉस्कोच्या व्हीजीआयके या चित्रपटसंस्थेत तो इव्हान इव्हानोव्ह-वानो यांच्या हाताखाली शिकला. पुढे येरेव्हान आणि स्वेर्दलोव्स्क इथल्या स्टुडिओंत त्याने कलादिग्दर्शक म्हणून काम केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चित्रपटांचं दृश्यरूप घडवलं. त्यानंतर मॉस्कोच्या पटकथालेखक-दिग्दर्शकांसाठीच्या उच्च अभ्यासक्रमात फ्योदोर खित्रुक आणि युरी नॉर्श्टेइन हे त्याचे गुरू. नॉर्श्टेइनच्या चित्रपटांत कातरकामातली पात्रं काचेच्या अनेक थरांवर हलतात. ते पाहिल्यावर पेत्रोव्हच्या चित्रांतली खोली कुठल्या परंपरेतली आहे ते कळतं. स्वतःचे चित्रपट हाती घेण्याआधी त्याने इतकी वर्षं चौकट, प्रकाश आणि जागा यांच्यावर घालवली. ज्यांना लगेच पात्र हलवायची घाई असते त्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आता बघण्याचा क्रम. ऑस्कर मिळालेल्या चित्रपटापासून सुरुवात करू नका. 1989चा ‘गाय’ घ्या. आंद्रेई प्लातोनोव्हच्या कथेवरचा हा छोटा चित्रपट: वासरू नेलं जातं, गाय सैरभैर होते, एक मुलगा हे सगळं पाहतो. कुठलाही एक शॉट निवडा आणि फ्रेम एकेक करत पुढे जा. पात्र हललं की त्याच्या मागे रंगाचा एक फिकट माग राहतो. तो माग पेत्रोव्ह पूर्ण पुसत नाही. हालचालीला जो श्वास येतो तो तिथूनच येतो, असं माझं ठाम मत आहे. वहीत लिहा: कुठे माग ठेवलाय, कुठे साफ केलाय.

1992चा ‘हास्यास्पद माणसाचं स्वप्न’ दोस्तोयेव्स्कीच्या कथेवर आहे. तो प्रकाशासाठी बघा, अंधारलेलं पीटर्सबर्ग आणि स्वप्नातली उजळ पृथ्वी शेजारी ठेवून. 1996चा ‘जलपरी’ पाण्यासाठी.

मग ‘म्हातारा आणि समुद्र’, 1999. हेमिंग्वेची ही गोष्ट आपल्याला पुलंच्या ‘एका कोळियाने’मुळे ओळखीची आहे, त्यामुळे कथेत अडकायला होत नाही, नजर रंगावर राहते. पेत्रोव्हने हा चित्रपट मॉन्ट्रियलमध्ये आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यासाठी केला. मुलगा दिमित्री मदतीला होता. 1997 ते 1999 अशी दोनहून अधिक वर्षं लागली आणि 29,000हून अधिक चित्रं झाली. हिशोब करून बघा: चित्रपट साधारण 20 मिनिटांचा, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 28,800. जवळजवळ प्रत्येक फ्रेमला नवं चित्र! बाकीचे बहुतेक लोक एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, आणि तुम्हीही तसंच करा. मोठ्या पडद्यासाठी त्याने काचही नेहमीपेक्षा चौपट मोठी घेतली. बारीक तपशिलापुरता ब्रश, बाकी सगळं बोटांच्या टोकांनी. या चित्रपटाला 2000 साली ऑस्कर मिळालं. त्यात म्हातारा आणि मासा भावांसारखे समुद्रातून, आकाशातून पोहतात ते स्वप्न शोधा. पाण्याचं आकाश नेमकं कुठल्या फ्रेमला होतं, ते बोट ठेवून सांगता येईपर्यंत तो भाग सोडू नका.

2006चा ‘माझं प्रेम’ मी शेवटी ठेवते. इव्हान श्मेल्योव्हच्या कादंबरीवरचा हा चित्रपट त्याने यारोस्लाव्हलमध्येच केला. सोळा वर्षांच्या अंतोनच्या मनातली चित्रं आणि समोरची माणसं एकमेकांत विरघळत जातात. तंत्र इथे भावनेपासून वेगळं काढताच येत नाही. मला त्याच्या सगळ्या कामात हाच सर्वांत जवळचा.

आता सामान. 5 मिलिमीटरच्या आसपास जाडीची टफन्ड काच घ्या, कडांना टेप लावा. काचेखाली दुधी ॲक्रिलिकचा पत्रा आणि त्याच्याखाली एलईडी दिवे. जुने तापणारे बल्ब नकोत, उष्णतेने रंग लवकर सुकतो. कॅमेरा बरोबर वर, काचेला समांतर, घट्ट बसवलेला. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवा. ऑटोवर राहिलं तर चित्रपट लुकलुकतो. फोटो घेण्यासाठी रिमोट किंवा संगणक वापरा, कॅमेऱ्याला हात लावू नका. खोलीत दुसरा उजेड नको आणि अंगात गडद कपडे हवेत, नाहीतर काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं.

तैलरंगात जवसाचं तेल थोडं जास्त घाला. रंग उशिरा सुकायला हवा असेल तर लवंगतेलाचा एखादा थेंब. खालून उजेड असला की रंगाचे नियम उलटतात, हे नीट समजून घ्या. पांढरा रंग पांढरा दिसत नाही, तो उजेड अडवतो आणि करडा पडतो. उजळ जागा हवी तर रंग काढायचा असतो, घालायचा नसतो. चेहऱ्यावरचा प्रकाश म्हणजे तिथे बोटाने पातळ केलेला रंग. कोपराने किंवा मनगटाने चित्र फिसकटू नये म्हणून हाताखाली एक लाकडी पट्टी आडवी ठेवा. कॅडमियम, कोबाल्ट, शिसं असलेले रंग टाळा, पातळ हातमोजे घाला, टर्पेंटाइन वापरलंत तर खिडकी उघडी ठेवा. बोटांनी रंगवायचं म्हणजे कातडीची काळजी घ्यायलाच हवी.

चित्राला खोली हवी असेल तर दुसरी काच वर बसवा, मध्ये चारपाच सेंटिमीटरचं अंतर ठेवून. खाली पार्श्वभूमी, वर पात्र. पात्र पुसताना मागचं झाड पुसलं जात नाही, हा मोठा दिलासा. पण सुरुवातीचे सराव एकाच काचेवर करा. दोन काचा मिळाल्या की माणूस पार्श्वभूमी थिजवून ठेवतो, आणि पेत्रोव्हच्या चित्रांत तीही जिवंत असते.

पहिला सराव: एक ढग. तीन सेकंद, एक चित्र दोन फ्रेम, म्हणजे 36 चित्रं. ढग डावीकडून उजवीकडे जाईल आणि जाता जाता पातळ होईल. दुसरा: तोच ढग, पण शेवटी पक्षी होईल. मधली रूपं आधी कागदावर काढा, निदान पाच. कॅमेरा आणि काच न हलवता दोन्ही एकाच बैठकीत करा, मध्ये उठून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत रंगाची चमक बदललेली असते.

तिसऱ्या सरावाला स्वतःचा हात घ्या. मुठीतून उघडणारा तळवा मोबाइलवर आधी चित्रित करा आणि संगणकावर शेजारी ठेवा, पण गिरवू नका. बोटं उघडताना मागे राहिलेला रंग कुठे ठेवायचा आणि कुठे पुसायचा, ते ‘गाय’ बघताना केलेल्या नोंदी काढून ठरवा, आणि मगच पहिली फ्रेम घ्या.