टेक्ससला नव्याने आलात? फुलं तोडण्याआधी हे वाचा

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदा प्लेनोला आले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. साताऱ्यात त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता: पहाटे पिशवी घेऊन निघायचं आणि देवपूजेला फुलं गोळा करून आणायची. कुणाच्या कुंपणावरून डोकावणारी जास्वंद, कुणाची तगर. मालक कुरकुरतो, दुसऱ्या दिवशी फुलं पुन्हा जातात, सगळं सुरळीत. इथेही तिसऱ्याच दिवशी, उजाडायच्या आत, लेंगा-बंडीवर स्वारी निघाली.

नऊ वाजता मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, हे तुमचे अण्णा ना?" सोबत सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, ग्रुपवरचा व्हिडिओ. डोअरबेल कॅमेऱ्याने टिपलेला, करडा, रात्रीच्या उजेडातला. अण्णा शेजाऱ्याच्या पोर्चशी वाकलेत, कळ्या बाजूला सारून फक्त उमललेली फुलं खुडतायत, एकेक फूल झटकून पिशवीत ठेवतायत. वर प्रश्न, या माणसाला कुणी ओळखतं का? खाली प्रतिक्रियांची रांग. त्यात एकाने लिहिलं होतं की, माझ्या दारात आला असता तर मी त्याची विचारपूस वेगळ्या पद्धतीने केली असती.

ते एक वाक्य मला आजही आठवतं, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे अंगण अर्धं गावाचं असतं. इथे घरासमोर बहुतेक ठिकाणी कुंपणच नाही, त्यामुळे फुटपाथपासून दारापर्यंतची हिरवळ कुणाचीच नाही असं वाटतं. ती कुणाची तरी असते, तिच्यावर कॅमेरा रोखलेला असतो आणि दारामागे बंदूक असू शकते. टेक्ससचा कायदा काही अटींवर घरमालकाला रात्रीची चोरी रोखण्यासाठी प्राणघातक बळसुद्धा वापरू देतो. चार फुलांसाठी कुणी गोळी झाडेल असं मी म्हणत नाही. पण अंधारात कुणाला काय दिसलं आणि काय वाटलं, याचा निवाडा नंतर होतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत एक १६ वर्षांचा मुलगा भावंडांना आणायला गेला. रस्त्याच्या नावात गफलत झाली, भलत्याच दाराची बेल वाजवली, आणि ८४ वर्षांच्या घरमालकाने दारातूनच गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, नशीब.

बेल वाजवायला हरकत नाही, ती मुभा सहसा सगळ्यांना असते. वाजवा आणि दोन पावलं मागे येऊन उभे राहा, हात दिसतील असे. दाराच्या काचेतून आत डोकावू नका. बाजूच्या फाटकाने बॅकयार्डमध्ये तर मुळीच जाऊ नका, चेंडू गेला असला तरी. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनो, घराचा नंबर दोनदा बघा.

आई-बाबा येणार असतील तर त्यांना हे विमानतळावरून घरी येतानाच सांगा. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी, गुजरातेतून नातवाकडे आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्याच गल्लीत फिरत होते. कुणी तरी फोन केला, अनोळखी माणूस गॅरेजकडे बघतोय. पोलीस आले, आजोबा म्हणाले, "नो इंग्लिश." पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन अर्धांग लुळं पडलं. फेडरल खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला दोषमुक्त केलं. आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे: फिरायला जाताना खिशात कार्ड. त्यावर नाव, पत्ता, आमचे दोघांचे फोन नंबर, आणि इंग्रजीत 'मी मराठी बोलतो'. पोलिसाने हाक मारली तर थांबायचं आणि खिशात हात घालायचा नाही. कार्ड काढायलासुद्धा नाही, आधी विचारायचं. गाडी अडवली तर उतरून साहेबांकडे चालत जायची आपली सवय इथे घातक. आतच बसायचं, हात स्टिअरिंगवर.

कोपऱ्यावर डोळ्याचं चित्र असलेली पाटी दिसेल, नेबरहुड वॉचची. देशभरच्या शेरीफांच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखांच्या, संघटनेने १९७२ मध्ये सुरू केलेली ही योजना. आपल्याकडच्या ग्रामसुरक्षा दलाची आठवण येते, पण इथे हातात काठी घेऊन गस्त घालणं अभिप्रेत नाही. बघायचं आणि पोलिसांना कळवायचं, एवढंच. ही हद्द ओलांडली की काय होतं ते फ्लोरिडातल्या सॅनफर्डने २०१२ मध्ये बघितलं: पिस्तूल बाळगणाऱ्या गस्तवाल्याने फोनवर पोलिसांशी बोलत असतानाच एका निःशस्त्र १७ वर्षांच्या मुलाचा माग काढला, आणि त्यातून झालेल्या झटापटीत मुलगा गेला. आणि आपणही या खेळात साळसूद नाही. आपल्याच लोकांनी 'हुडी घातलेला मुलगा दोनदा गेला' असल्या पोस्टी टाकलेल्या मी वाचल्यात. माणूस काय करतोय ते लिहा, कसा दिसतो ते नंतर.

त्यापेक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी गल्लीत नॅशनल नाइट आउट असतो, शेजारी आणि पोलीस एकमेकांना भेटतात, तिथे जा. बाकी देशात तो ऑगस्टमध्ये होतो. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये बाहेर उभं कोण राहणार! सोबत बटाटेवडे न्या, आई-बाबांना न्या, सगळ्यांना भेटवा. ज्याला तुमचे बाबा माहीत आहेत, तो त्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकत नाही.

फोटोंचं गणित उलटं आहे. रस्त्यावरून जे दिसतं त्याचा फोटो काढायला कायद्याची आडकाठी सहसा नाही: घर, माणूस, पोलीस. फोर्टवर्थच्या पोलीस ठाण्याचं फुटपाथवरून चित्रीकरण करणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात २०१७ मध्ये इथल्या अपील कोर्टाने पोलिसांचं चित्रीकरण करण्याचा हक्क मान्य केला. मात्र लांबून, त्यांच्या कामात आड न येता. मॉल खासगी जागा. कॅमेरा ठेवा म्हणाले तर ठेवायचा. आणि हक्क आहे म्हणून बागेतल्या गोऱ्या बाळाचा फोटो काढू नका. आमच्या आईने "किती गोड गं" म्हणत काढला होता. बाळाची आई आली, हसली नाही, समोर उभं राहून डिलीट करायला लावला.

तसं बघितलं तर खासगीपणाबद्दल एवढी हळवी असलेली ही माणसं! आमच्या कोलिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) मूल्यांकन कार्यालयाच्या साइटवर तुमचं नाव टाका: घर, पत्ता, सरकारी अंदाजाने किंमत, सगळं उघडं. पगार मात्र विचारायचा नाही.

आता बंदूक. आपल्याकडे हत्यार म्हणजे खंडेनवमीला पूजेत मांडलेला कोयता, फार तर कुण्या पाटलाची परवान्याची बंदूक, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरचा, कायद्याने अपात्र नसलेला माणूस परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरू शकतो. किराणा दुकानात कुणाच्या कमरेला दिसलं तर टक लावून बघू नका, आपली भाजी घ्या आणि निघा.

पण 'अपात्र नसलेला' हे शब्द नीट वाचा. नोकरीचा एच-वन-बी, त्यांच्या कुटुंबाचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, आई-बाबांचा पर्यटक व्हिसा, या सगळ्यांवर आलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. अधिकृत शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ऑफिसची टीम शूटिंग रेंजवर जाते, "एकदा धरून तर बघ" म्हणतात, कुणीतरी फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकतं, आणि तुमच्याविरुद्धचा पुरावा तयार होतो. तुरुंग आणि हद्दपारी, दोन्हींचा धोका. टीमला सांगा, मी जेवायला येतो. ग्रीनकार्ड मिळालं की हवं तर विकत घ्या. मी घेतलेली नाही.

एक प्रश्न विचारायला मला दोन वर्षं लागली, तुम्ही पहिल्याच वेळी विचारा. मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल तर: घरात बंदूक आहे का, आणि कुलुपात आहे का? भरलेली बंदूक मुलांच्या हाती लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे, त्यामुळे प्रश्न आगाऊ नाही. मी लेकीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं तेव्हा घशाला कोरड पडली होती. ती म्हणाली, "तीन आहेत, तिजोरीत, किल्ली नवऱ्याकडे." आणि मग लगेच, "तुमच्याकडे मांजर आहे का? हिला ॲलर्जी आहे."