चाळीवरचं संशोधन चाळीतच मांडायचंय? मग ही तयारी

हॉल बुक करण्याआधी ठरवायचं ते हे, की प्रदर्शन बघायला कोण येणार. काळा घोड्याला भरणाऱ्या वास्तुकलेच्या प्रदर्शनात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना प्लॅन वाचता येतो. २०१६च्या जानेवारी ते मार्चमध्ये मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला दालनात) ‘द स्टेट ऑफ आर्किटेक्चर’ हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवान मेहता यांनी त्याची मांडणी केली होती, आणि आकृत्या, तक्ते, कालरेषा समोर ठेवल्या तर त्या वाचणारा वर्ग तिथे हजर होता. मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा अभ्यास वरळीत किंवा नायगावात मांडायचा तर तो हिशेब चालत नाही. चाळीतला माणूस आत आला की पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट शोधतो: आपली खोली. ती सापडली तर तो तासभर थांबतो आणि संध्याकाळी घरच्या म्हातारीलाही घेऊन येतो. नाही सापडली तर चहा पिऊन जातो. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आहे.

हातातला मजकूर आधी तपासून घ्या, कारण चाळीतल्या लोकांसमोर आकडा चुकला तर पुढचं कुणी ऐकत नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळी मूळच्या एकूण २०७: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मधून लांब बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. एका चाळीत साधारण ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. एवढं तर कुठल्याही लेखात मिळतं. तुमच्या संशोधनात त्याहून वेगळं काय आहे, ते दोन वाक्यांत लिहून बघा. बोळाचा वापर दिवसभरात कसा बदलतो हे तुम्ही नोंदवलंय? लग्नाचा मांडव, वाचनालय, मंडळाचं ऑफिस, कबड्डीचं मैदान यांचा नकाशा केलाय? मग प्रदर्शन त्याचंच करा. चाळींचा अख्खा इतिहास भिंतीवर लावायचा मोह टाळावा. तो इथल्या म्हाताऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो.

परवानग्यांचं काम लवकर सुरू करा, त्याला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जुने नकाशे आणि कागदपत्रं राज्य पुराभिलेखागारातून घेतली असतील (काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत), तर अभ्यासाला कागद बघायला मिळणं वेगळं आणि तो छापून जाहीर लावणं वेगळं; त्यासाठी निराळा अर्ज करावा. जुन्या फोटोंबाबत भारतीय कायदा असा, की छायाचित्राचा कॉपीराइट २०१२च्या दुरुस्तीपासून छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८२च्या गिरणी संपाचे वर्तमानपत्रांत छापून आलेले फोटो अजून कुणाच्या तरी मालकीचे आहेत. ‘नेटवर होता’ हे उत्तर नव्हे.

घराघरांत जाऊन केलेल्या मोजणीला तर आणखी जपायला हवं. तुम्ही खोलीचा प्लॅन काढलात तेव्हा त्या बाईंनी ‘काढा की’ म्हटलं असेल, पण तो प्लॅन चारशे लोकांसमोर लागणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पुन्हा जा, छापायची शीट दाखवा, आणि हो म्हणतील तरच लावा. नाव, खोली क्रमांक आणि आतला तपशील या तिन्ही गोष्टी एका शीटवर एकत्र येऊ देऊ नका. कुणाकडे किती माणसं राहतात, कुणी पोटभाडेकरू ठेवलाय, कुणाचा माळा परवानगीशिवाय वाढवलाय, ही माहिती पुनर्विकासाच्या (चाळी पाडून नवी घरं देण्याच्या) दिवसांत निरुपद्रवी राहत नाही. मग आपली खोली सापडणार कशी? त्यासाठी प्रवेशालाच वस्तीचा एक मोठा मांडणी-नकाशा लावा. त्यावर प्रत्येक चाळीचा क्रमांक ठळक लिहा, आणि मैदान, देऊळ, बुद्धविहार, शाळा, बस स्टॉप, पाण्याची टाकी यांची नावं लोक घेतात तीच लिहा. वरळीत जांबोरी मैदान दाखवलंत की बाकीचं लोक स्वतः शोधतात. शेजारी रंगीत टिकल्यांचा डबा ठेवा, ज्याला वाटेल त्याने आपल्या चाळीवर टिकली लावावी.

रेखाटनांबद्दल थोडं कडक बोलतो. ज्युरीसाठी (कॉलेजातल्या परीक्षकांसाठी) काढलेली शीट तशीच्या तशी लावू नका. तिच्यावर बारा रेखाटनं असतात, सहा पॉइंटचा मजकूर असतो आणि उत्तर दिशेचा बाण सगळ्यात सुंदर असतो. एका ए-वन शीटवर एक, फार तर दोन रेखाटनं पुरेत. प्लॅन लोकांना पटकन कळतो. सेक्शन कळत नाही, तिथे ‘चाळ उभी चिरली तर आत असं दिसेल’ एवढी एक ओळ द्या आणि सेक्शनमध्ये माणसं काढा: जिन्यावर बसलेली पोरं, बोळात पापड वाळत घालणारी बाई. स्केल आकड्यांत लिहून भागत नाही, शेजारी माणसाची आकृती हवी. मॉडेल केलं असेल तर त्याचं छत उचलता येईल असं करा आणि ते टेबलाच्या उंचीवर, पोरांना दिसेल असं ठेवा. हात लागणारच, हे धरूनच माउंटबोर्ड निवडा.

या सगळ्यापेक्षा जास्त बोलतं ते जमिनीवरचं रेखाटन, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. हॉलच्या फरशीवर रंगीत टेपने १० बाय १६ फुटांचा आयत आखा. प्रत्येक खोलीचं माप असंच असेल असं नाही, पण क्षेत्र तेच, १६० चौरस फूट. तोच कोपरा धरून दुसऱ्या रंगाच्या टेपने २० बाय २५चा आयत आखा: पुनर्विकासात देऊ केलेलं घर ५०० चौरस फुटांचं आहे. दोन वेगळे आयत आखायला जागा नसते, एकात एक बसवले की छोट्या हॉलमध्येही भागतं. लहान आयतात मोरी, भांड्यांची मांडणी, खाट, कपाट आखा आणि माळ्याच्या उंचीवर एक सुतळी ताणा. उंच माणूस वाकून खालून जातो, तेव्हा बाकीचं सांगावं लागत नाही. बाहेर बोळाची रुंदीही आखा, कारण चाळीतलं अर्धं घर तिथे होतं. शेजारी ‘केवढी छोटी जागा’ किंवा ‘हरवलेली शेजारसंस्कृती’ असलं काही लिहायचं नाही. लोक आत उभे राहतात आणि स्वतःच वाद घालतात: मोठं घर मिळतंय ते चांगलंच, पण मेन्टेनन्स कोण भरणार, दार बंद झाल्यावर म्हातारीकडे कोण बघणार, आणि संडास घरात आला हे तुम्ही का मोजत नाही? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात, आणि चाळींवर हळवं लिहिणाऱ्या संशोधकांनी तो ऐकायला हवा. तिथे वही घेऊन एकाला बसवा. जे बोललं जाईल ते तुमच्या प्रबंधात नसलेलं असतं.

मजकूर मराठीतच लिहा, भाषांतर करून आणू नका. ‘स्थानिक अवकाशीय व्यवहार’ असं लिहिलंत तर मुंबई विद्यापीठातला माणूसही पुढे सरकेल. एका फलकावर साठ-सत्तर शब्दांच्या वर जाऊ नका. इंग्रजी हवं असेल तर खाली, लहान अक्षरांत. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, म्हणून अक्षर आणि ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा जास्त घ्या. छपाईवाल्याकडे फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून (म्हणजे अक्षरांची रेषाचित्रं करून) पीडीएफ द्या, नाहीतर त्याच्या कोरल ड्रॉमध्ये वेलांट्या उडतात आणि ‘चाळी’चं ‘चाळ’ होतं. एक प्रूफ कागदावर काढून चाळीतल्याच कुणा मास्तरांना वाचायला द्या. सनबोर्डला (शीट चिकटवायच्या फोमच्या बोर्डाला) मॅट लॅमिनेशन सांगा. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि रेषा दिसत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत डिस्टेंपरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप रात्रीतून सुटते, तेव्हा तार ताणून क्लिपा लावण्याची सोय असलेली बरी. शीटचा मध्य जमिनीपासून साडेचार-पावणेपाच फुटांवर ठेवा. चार प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवा, वयस्कर मंडळी बसून बघतात.

तारीख चाळीच्या पंचांगाने काढा. गणपतीला आणि शिमग्याला निम्मी वस्ती कोकणात असते, मे महिन्यात पोरं गावी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास वस्तीचे स्वतःचे कार्यक्रम असतात, त्यात घुसू नये. सकाळी पाण्याची वेळ सोडून द्या. जे विरार-बदलापूरला गेले किंवा संक्रमण शिबिरात आहेत, त्यांना रविवारच सोयीचा. त्यांच्यापर्यंत निरोप पोस्टरने पोचत नाही, मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पोचतो. कुठल्या एका पक्षाच्या कार्यालयातून उद्घाटन ठरवलंत तर दुसऱ्या बाजूची चाळ येणार नाही. उद्घाटन नसलेलंच बरं. मैदानात करणार असाल तर पोलिसांची आणि लाउडस्पीकरची परवानगी लागेल आणि रात्री दहाला आवाज बंद.

प्रदर्शनासोबत व्याख्यान ठेवणार असाल तर त्याचं थोडक्यात. आधी रहिवासी बोलू द्या, मग संशोधक. उलट केलंत की रहिवासी आभारप्रदर्शन करतो आणि खाली बसतो. चाळीस मिनिटं भाषण, तेवढीच प्रश्नांना. प्रोजेक्टरवर बारीक रेषा पुसट होतात, म्हणून स्लाइडसाठी रेघा जाड करून वेगळ्या काढा. एचडीएमआयची वायर, जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा अडॅप्टर, पेन ड्राइव्हवर पीडीएफ आणि श्रोत्यांत फिरवायला दुसरा माइक या चार वस्तू एका पिशवीत घालून ठेवा.

आणि एका प्रश्नाची तयारी वक्त्याने करायलाच हवी: ‘आम्हाला घर कधी मिळणार?’ तो पहिल्या पाच प्रश्नांत येतो. तुम्ही म्हाडा (पुनर्विकास करणारी सरकारी संस्था) नाही, तारीख सांगू शकत नाही, आणि हसून विषय बदलणं तर अगदीच वाईट. ‘ते माझ्या हातात नाही’ असं सरळ म्हणा आणि संबंधित कार्यालयाचा पत्ता, कामकाजाच्या वेळा छापलेल्या चिठ्ठ्या दारात ठेवा. त्याच प्रश्नाला जोडून कुणी विचारील, की तुमच्या या अभ्यासाचा आम्हाला काय उपयोग. याचं उत्तर वक्त्यासोबत बसून आधी लिहून काढा. ते लिहिता येत नसेल तर व्याख्यान महिनाभर पुढे ढकला.

दर शीटखाली दोरीने पेन्सिल बांधा आणि ‘चूक दिसली तर इथेच लिहा’ अशी सूचना लावा. चुका निघतात: जिन्याची दिशा उलटी, मंडळाचं नाव जुनं, विहीर होती ती दाखवलीच नाही. रोज रात्री त्या शीटचे फोटो काढून ठेवा. शेवटच्या दिवशी टेम्पो किती वाजता, शीट कुणाकडे राहणार हे आधीच ठरवा. कॉलेजच्या स्टोअररूमपेक्षा वस्तीतल्या वाचनालयाने मागितल्या तर तिकडे द्या, एक संच दुरुस्त्यांसकट आपल्याकडे ठेवा. फरशीवरची टेप त्याच रात्री काढा, दोन दिवसांनी डिंक निघत नाही आणि हॉलचं डिपॉझिट अडकतं.