चॅनेल सोडण्याचा खर्च परत मागताय? या चुका टाळा

अमेरिकेत २०१७ साली टीव्हीच्या ३८ ते ५१ या चॅनेलांची जागा मोबाइल कंपन्यांकडे गेली आणि ९८७ टीव्ही स्टेशनांना नवं चॅनेल घ्यावं लागलं. त्यांच्या स्थलांतराच्या खर्चासाठी आधी १.७५ अब्ज डॉलर बाजूला ठेवले होते. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर २०१८ मध्ये आणखी १ अब्ज घालावे लागले. मागोमाग सी-बँड, म्हणजे उपग्रहांच्या वापरातला एक लहरींचा पट्टा, आला. ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा रिकामा करायला उपग्रह कंपन्या हलल्या, त्यांचे सिग्नल घेणारी भूस्थानकं हलली, आणि तो खर्च लिलाव जिंकणाऱ्यांकडून वसूल झाला. आता २०२५ च्या कायद्याने ३.९८ ते ४.२ गिगाहर्ट्झमधलेही किमान १०० मेगाहर्ट्झ लिलावाला काढायला सांगितलंय. म्हणजे एकदा हललेल्यांपैकी कित्येकांना परत हलायचंय. या कामात नवी मंडळी येतायत आणि मागच्या दोन्ही वेळेला दाव्यांच्या फाइलींमध्ये मी ज्या चुका पाहिल्या, त्याच पुन्हा समोर यायला लागल्यात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हे पैसे तुम्ही जिथे होतात तिथे तुम्हाला पुन्हा उभं करण्यासाठी आहेत. पूर्वी जेवढ्या भागात, जेवढ्या दर्जाचा सिग्नल पोचत होता, तेवढाच नव्या जागेवरून पोचावा, एवढाच त्यांचा हेतू. म्हणून दावा तपासणारा माणूस प्रत्येक ओळीपाशी थांबून मनात एकच प्रश्न विचारतो: चॅनेल बदललं नसतं, तर हा खर्च झाला असता का? उत्तर 'हो' असेल तर ती ओळ गेली. उत्तर 'नाही' असेल, पण कागदावर दिसत नसेल, तरीही गेली.

ठोक बिल

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त पैसे या एका चुकीने बुडालेत.

एका छोट्या सार्वजनिक टीव्ही स्टेशनची फाइल माझ्याकडे आली तेव्हा काम कधीच संपलं होतं. नवा अँटेना टॉवरच्या टोकावर होता, प्रक्षेपण नव्या चॅनेलवर सुरू होतं. फाइलीत टॉवर क्रूचं बिल होतं एका ओळीचं: 'टॉवरवरील काम, पूर्ण' आणि पुढे एक भलीमोठी रक्कम. व्यवस्थापकांचं म्हणणं साधं होतं. काम झालंय, बिल आहे, पैसे भरलेत, यापेक्षा जास्त काय हवं?

तपासणाऱ्यांचं पत्र आलं: या रकमेत काय काय आहे? मग आम्ही खोदायला लागलो. क्रू वर चढलीच आहे तर करून घेऊ, म्हणून बंद पडलेले इशाऱ्याचे दिवे बदलले होते. गंजलेल्या भागाला रंग दिला होता. टॉवरला बाजूंनी ताणून धरणाऱ्या, सैल झालेल्या तारांना (गाय वायरींना) ताण दिला होता. जुन्या भाडेकरूचा, वर्षानुवर्षं बंद असलेला अँटेना उतरवला होता. यातली प्रत्येक गोष्ट करण्याजोगीच होती. क्रेन आणि माणसं एकदा आली की हाताला लागलेलं काम उरकून घेणं यात शहाणपणही आहे. पण चॅनेल बदललं नसतं तरी ही कामं करावीच लागली असती, आणि त्यांची किंमत मुख्य कामाच्या किमतीत विरघळून गेली होती.

क्रूच्या मुकादमाला फोन केला तर तो दुसऱ्याच राज्यात दुसऱ्या टॉवरवर. त्या काळात उंच टॉवरवर काम करू शकणाऱ्या क्रू देशभरात मोजक्याच होत्या आणि स्टेशनं टप्प्याटप्प्याने हलत असल्याने सगळ्या एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याकडे धावत होत्या. जुन्या बिलाची फोड करून द्यायला त्याला ना वेळ होता, ना त्याचं काही अडलं होतं, कारण त्याचे पैसे त्याला मिळून चुकले होते. शेवटी क्रेनच्या भाड्याच्या पावत्या, रोजच्या हजेरीचे कागद आणि कोणीतरी मोबाइलवर काढलेले तारीख-वेळेसकटचे फोटो यांवरून आम्ही दिवसवार काम मांडलं. बराचसा भाग मान्य झाला. दिवे, रंग आणि जे धड कुठल्याच बाजूला बसवता आलं नाही ते, असं सगळं स्टेशनच्या खिशातून गेलं. प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालणारं स्टेशन होतं. ते पैसे कार्यक्रमांवर खर्च व्हायचे होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय अशी: फोड बिलात मागत नाही, खरेदी आदेशातच लिहून घेतो. जुना अँटेना उतरवणं, नवा चढवणं, लाइनचं (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत सिग्नल नेणाऱ्या नळीचं) काम, क्रेन आणि क्रूची ने-आण, आणि सगळ्यात खाली वेगळी ओळ 'देखभाल, दाव्याबाहेर'. शेवटचा हप्ता अशा फोडीचं बिल हातात आल्याशिवाय सोडायचा नाही. क्रूवाले कुरकुर करतात, पण देतात. एकदा पूर्ण पैसे गेले की तोच कागद मिळवायला हातापाया पडावं लागतं.

'बदलतोच आहोत तर चांगलं घेऊ'

दुसरी चूक उत्साहाची आहे आणि ती बहुधा विक्रेत्याच्या सल्ल्याने होते.

समजा तुमचा जुना अँटेना फक्त आडव्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहरी फक्त आडव्या दिशेत कंपतील असा होता. विक्रेता म्हणतो, आता लंबवर्तुळी (आडव्यासोबत उभा घटकही देणारा) घ्या, घरातल्या छोट्या अँटेनांवर आणि हातातल्या उपकरणांवर सिग्नल चांगला येईल. खरंच येतो, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण परवान्यातली शक्ती आडव्या घटकावर मोजली जाते. उभ्या घटकाला लागणारी शक्ती वेगळी, ती ट्रान्समीटरने जास्तीची द्यायची. ३० टक्के उभा घटक हवा असेल तर ट्रान्समीटरची शक्तीही साधारण तेवढीच वाढवावी लागते. मग ट्रान्समीटर एक माप मोठा घ्यावा लागतो. त्याला मोठं कूलिंग, मोठा वीजपुरवठा, कधीकधी मोठी लाइनही. तुम्हाला वाटतं फक्त अँटेना सुधारला, पण दाव्यातल्या पाच ओळी फुगलेल्या असतात, आणि तपासणारा एका ओळीवर थांबत नाही. तो धागा धरतो आणि पाचही ओळी खाली आणतो.

सुधारणा करायला कुणाची बंदी नाही. फरक तुम्ही भरा, एवढंच. मी एकाच विक्रेत्याकडून एकाच तारखेची दोन कोटेशनं घेतो: एक जसंच्या तसं, दुसरं हवं ते. दाव्यात पहिलं कोटेशन जातं, दुसरं सोबत जोडलेलं असतं. फरक कुठून आला हे उघड दिसलं की पुढे प्रश्न येत नाहीत. लपवलेली सुधारणा मात्र सापडतेच, आणि सापडली की उरलेल्या प्रामाणिक ओळींकडेही संशयाने पाहिलं जातं.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण घाबरून कमी मागणारेही भेटतात. तुमचा जुना ट्रान्समीटर आयओटी या निर्वात ट्यूबचा होता आणि बाजारात आता सॉलिड-स्टेटच (ट्रान्झिस्टरवर चालणारे) मिळतात, तर सॉलिड-स्टेट घ्या. जे मिळतच नाही ते शोधत बसा असं कुणी म्हणत नाही. फक्त 'तसा आता मिळत नाही' हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

टॉवरची जुनी दुखणी आणि लाइनचं गणित

चॅनेल खाली गेलं की तरंगलांबी वाढते. चॅनेल ४५ वरून २० वर आलात तर ती साधारण साडेपंचेचाळीस सेंटिमीटरवरून ५९ सेंटिमीटरवर जाते. तशाच प्रकारचा अँटेना मग त्याच प्रमाणात मोठा होतो, वाऱ्याचा भार वाढतो, आणि टॉवरला बळकटी द्यावी लागते. हा खर्च स्थलांतराचाच. घोळ होतो तो टॉवर मुळात जुन्या भारालाही पुरेसा नसतो तेव्हा. नवीन मानकाप्रमाणे विश्लेषण केलं की जुनी कमजोरीही वर येते आणि सगळं एकाच अहवालात एकत्र होतं. रचना अभियंत्याला विश्लेषण दोनदा करायला सांगा, एकदा जुन्या अँटेनासह आणि एकदा नव्या. जास्तीचं काम म्हणून तो थोडे पैसे घेईल. द्या. कुठला लोखंडी तुकडा कशामुळे बदलला, हे त्या दोन तक्त्यांखेरीज कशानेच सिद्ध होत नाही.

कडक तांब्याच्या लाइनबद्दल बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून ते हक्काचे पैसे सोडून देतात. ही लाइन ठरावीक लांबीच्या तुकड्यांची असते: २० फूट, १९.७५ फूट, १९.५ फूट. प्रत्येक जोडावर थोडा सिग्नल मागे उसळतो. तुकड्याची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसली की हे सगळे उसळलेले सिग्नल एकमेकांत मिसळून वाढतात. २० फुटी तुकड्यांत हे साधारण दर साडेचोवीस मेगाहर्ट्झला घडतं, त्यामुळे काही चॅनेलांवर ती लाइन वापरताच येत नाही. तुमचं नवं चॅनेल त्यात सापडलं, तर उत्तम स्थितीतली लाइनही बदलावी लागेल, आणि तो खर्च पूर्णपणे दाव्यात बसतो. पण 'लाइन जुनी झाली होती' असं लिहिलंत की संपलं. तुकड्याची लांबी, नवं चॅनेल आणि गणित लिहा. लाइन काढण्याआधी नव्या चॅनेलवर तिचा स्वीप, म्हणजे किती सिग्नल मागे उसळतो याची मोजणी, घेऊन ठेवा. काढून भंगारात दिल्यावर स्वीप घेता येत नाही.

एकरकमी पर्याय म्हणजे सोपा पर्याय नव्हे

सी-बँडमध्ये भूस्थानकांच्या मालकांना निवड दिली होती: प्रत्यक्ष खर्च कागदपत्रांसह मागा, नाहीतर ठरलेली एकरकमी रक्कम घ्या आणि स्थलांतराची जबाबदारी स्वतः उचला. मुदत १४ सप्टेंबर २०२० होती. निवड एकदा केली की मागे फिरता येत नव्हतं, आणि ती मालकाच्या लागू क्षेत्रातल्या सगळ्याच स्थानकांना लागू होत होती. निवडक नाही.

ज्यांनी आधी प्रत्येक डिशपाशी जाऊन फिल्टर, डिशची दिशा बदलणं, रिसीव्हर यांचा हिशेब मांडला, त्यांना हा पर्याय फायद्याचा ठरू शकत होता. पण 'कागदपत्रांची कटकट नको' एवढ्याच कारणासाठी तो घेण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. मोजणी टाळून घेतलेला निर्णय पुढे भारी पडतो, कारण खर्च वाढला तर दाद मागायला दार उरत नाही. पुढच्या वेळी असा पर्याय आला तर आधी हिशेब, मग सही.

थोडक्यात

बुडालेलं उत्पन्न मागू नका. स्टेशनांच्या निधीच्या कायद्यात ते स्पष्ट वगळलेलं आहे. प्रक्षेपण बंद असताना गेलेल्या जाहिराती कितीही खऱ्या असोत, ती ओळ टाकली की दावा तयार करणाऱ्याने नियम वाचलेले नाहीत एवढंच दिसतं.

निधीसाठी ठरवून दिलेल्या, कामवार खर्चाच्या यादीतला कमाल आकडा उचलून अंदाजात टाकू नका. यादीत किमान-कमाल मर्यादा दिलेली असते ती मोजमाप म्हणून. तुमचा खर्च खरंच त्याबाहेर जात असेल तर कारणासकट कोटेशन जोडा.

अंदाज मंजूर झाला म्हणजे पैसे हातात आले असं समजून ऑर्डरी देऊ नका. २०१७ च्या पहिल्या वाटपात व्यावसायिक स्टेशनांना तपासलेल्या अंदाजाच्या सुमारे ५२ टक्केच रक्कम उपलब्ध झाली होती आणि ना-नफा स्टेशनांना सुमारे ६२ टक्के. उरलेलं नंतर आलं. मधल्या काळात विक्रेते थांबत नाहीत.

सल्लागार आणि वकिलांच्या फीवर लक्ष ठेवा. सी-बँडमध्ये असा खर्च प्रत्यक्ष कामाच्या २ टक्क्यांपलीकडे गेला तर तो वाजवी आहे हे दाखवण्याचं ओझं दावेदारावर होतं.

कमी शक्तीचं स्टेशन असेल तर आधी पात्रता सिद्ध करा, मग बिलं. १३ एप्रिल २०१७ आधीच्या १२ महिन्यांपैकी किमान ९ महिने, रोज निदान २ तास आणि आठवड्याला २८ तास प्रक्षेपण चालू होतं हे दाखवावं लागत होतं. वीजबिलं आणि कार्यक्रमांच्या नोंदी फेकून दिलेल्यांची फार पंचाईत झाली.

स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे तास मागायचे असतील तर नोंद त्याच दिवशी करा. सहा महिन्यांनी आठवून भरलेला तक्ता ओळखू येतो. सगळे तास पूर्ण आकड्यांत असतात.

अंतिम तारखेची वाट पाहू नका. टीव्ही स्टेशनांच्या निधीत बिलं देण्याची शेवटची मुदत टप्प्यानुसार ८ ऑक्टोबर २०२१, २२ मार्च २०२२ आणि ५ सप्टेंबर २०२२ अशी होती. ३ जुलै २०२३ ला निधीत उरलेले पैसे सरकारी तिजोरीत परत गेले. शेवटच्या आठवड्यात दिलेल्या बिलावर शंका आली तर उत्तर द्यायला जागाच राहत नाही. मी बिल आलं की त्याच महिन्यात दाव्यात दाखल करतो, चार बिलं साठेपर्यंत थांबत नाही.

स्टेशन विकलं जात असेल तर विक्रीच्या करारातच लिहा की उरलेला परतावा कोणाचा आणि कागद कोणाकडे राहणार. टीव्हीच्या निधीत शेवटची रक्कम मिळाल्यानंतर निदान १० वर्षं सगळी कागदपत्रं जपून ठेवायची अट आहे. तेवढ्या काळात अभियंते बदलतात, इमारती बदलतात, ईमेलची खाती बंद होतात. म्हणून मी एक संच कंपनीच्या सर्व्हरवर आणि एक वकिलांकडे ठेवायला सांगतो. त्यात जुन्या ट्रान्समीटरच्या पाटीचा, अनुक्रमांक वाचता येईल असा फोटोही असला पाहिजे.