घोडा घेऊन उद्यानात मुक्कामाला जाताना

घोडेस्वारीसाठी वाटा आखलेल्या उद्यानात घोड्यासह दोन-तीन रात्री राहायचे ठरले की बहुतेक जण आधी वाटांचा नकाशा उघडतात. माझ्या मते पहिला विचार रात्रीचा करावा. दिवसभर घोडा स्वाराच्या हाताखाली असतो आणि त्याला काही खुपत असेल तर ते लगेच जाणवते. रात्री मात्र तो परक्या जागी, परक्या वासांत आणि आवाजांत बांधलेला असतो. दोर तोडून पळणे, दोरात पाय अडकणे किंवा पोटशूळ उठणे, यांपैकी काहीही त्या वेळी घडले तरी ते मालकाच्या नजरेआड घडते. म्हणून ज्या घोड्याला रात्रभर बांधून राहण्याची सवय नाही, त्याला मुक्कामाला नेऊ नये. ही सवय आधी ओळखीच्या जागीच लावावी: प्रथम तासभर, मग अर्धा दिवस आणि शेवटी पूर्ण रात्र, तीही जवळपास माणूस असताना.

घोड्यांसाठी राखलेल्या मुक्कामाच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे नोंदणी लवकर करावी आणि त्याच वेळी घोडे बांधण्याची नेमकी कोणती सोय आहे, हे विचारून घ्यावे. काही ठिकाणी कोंडवाडे असतात, काही ठिकाणी दोर ताणण्यासाठी खांब रोवलेले असतात आणि काही ठिकाणी झाडाला दोर बांधण्यासही मनाई असते. आरोग्याची कागदपत्रेही आधीच तयार ठेवावीत. अनेक उद्याने ‘कॉगिन्स टेस्ट’चा अहवाल मागतात. लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० मध्ये विकसित केलेली ही चाचणी घोड्यांमधील संसर्गजन्य रक्तक्षय ओळखते. या रोगाचा विषाणू रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरतो, त्यावर उपचार नाही आणि लागण झालेला घोडा आयुष्यभर वाहक राहतो. ठिकठिकाणचे घोडे जिथे शेजारी शेजारी बांधले जातात, तिथे ही अट जाचक मानू नये.

चाऱ्याचा हिशेब वजनावरून करावा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला सुमारे ७ ते ९ किलो, आणि त्याशिवाय एका दिवसाची वैरण जास्तीची घ्यावी. उद्यानातील गवतावर भिस्त ठेवू नये, कारण अचानक मिळालेल्या हिरव्या, गोडसर गवताने पोट बिघडते आणि खुरांना सूजही येऊ शकते. अनेक उद्याने तणबीजमुक्त असल्याचा दाखला असलेलीच वैरण आत येऊ देतात. तणाच्या बिया घोड्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि लिदीतून थेट रानात रुजतात, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून निघण्याच्या काही दिवस आधीपासून घोड्याला तीच वैरण द्यावी. वैरणीतील किंवा चंदीतील (दाण्याच्या खुराकातील) कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा, त्यामुळे ही तयारी दोन्ही अंगांनी उपयोगी पडते.

आता बांधणीकडे वळू. ट्रेलरला, म्हणजे घोडा वाहून नेणाऱ्या, गाडीमागे जोडलेल्या डब्याला, बांधणे सोपे असते, पण ट्रेलरच्या कडा, कड्या आणि चाके यांत घोडा अडकू शकतो, आणि मऊ जमिनीत ठोकलेले अगाडी-पिछाडीचे (घोड्याला पुढून आणि मागून बांधण्याच्या दोरांचे) खुंट जोरदार हिसक्याने उपटले जातात. जिथे परवानगी असेल तिथे दोन मजबूत झाडांमध्ये किंवा खांबांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच ताणलेला आडवा दोर, म्हणजे हायलाइन, मला सर्वांत सुरक्षित वाटते. झाडाभोवती दोर थेट आवळू नये. किमान पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा गुंडाळून त्यात दोर अडकवावा, कारण बारीक दोर सालीत रुततो आणि सालीखालील जिवंत थर कापला गेला की झाड वाळू शकते. घोडा बुंध्यापासून निदान दोन मीटर दूर राहील अशा बेताने आडव्या दोरावर पक्क्या गाठी घालाव्यात, नाहीतर तो सरकत बुंध्याशी जातो, साल कुरतडतो आणि खुरांनी मुळे उकरतो. मोहरकीचा (घोड्याच्या तोंडावरील पट्ट्याचा) दोर फिरत्या कडीला जोडावा, म्हणजे पीळ पडत नाही. त्याची लांबी इतकीच असावी की तोंड वैरणीपर्यंत पोहोचेल, पण सैल दोराच्या फासात पाय जाणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी हवी आणि धारदार सुरी हाताशी हवी. दोन घोड्यांमध्ये लाथ पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे आणि ज्यांची आपसांत ओळख आहे त्यांनाच शेजारी बांधावे. पायबंदावर विसंबून घोडा मोकळा सोडू नये, कारण सरावलेला घोडा पुढचे दोन्ही पाय बांधलेले असतानाही उड्या मारत बराच दूर जातो.

घोडा दिवसाला २० ते ४५ लिटर पाणी पितो आणि उन्हात, चढणीवर याहूनही जास्त. परक्या चवीचे पाणी तो नाकारू शकतो, त्यामुळे पहिल्या दिवसापुरते ओळखीचे पाणी बरोबर न्यावे. बादली स्वतःची वापरावी. सामाईक हौदातून घशाच्या गाठींचा संसर्गजन्य आजार पसरतो. ओढ्यावर पाणी पाजले तरी घोडे काठापासून निदान ६० मीटर दूर बांधावेत, म्हणजे लीद आणि मूत्र प्रवाहात जात नाही.

झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा घोडा पाहावा. विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान सुमारे ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. प्रत्येक घोड्याचे स्वतःचे आकडे आधीच टिपून ठेवले तर फरक चटकन कळतो. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे आणि कुशीला कान लावल्यावर दोन्ही बाजूंना आतड्यांची गुरगुर ऐकू आली पाहिजे. घोडा वैरण सोडून पोटाकडे वळून पाहत असेल, जमीन उकरत असेल किंवा पुन्हा पुन्हा लोळत असेल तर सकाळची वाट पाहू नये आणि मनाने औषधही देऊ नये. जवळच्या पशुवैद्याला लगेच फोन करावा. त्यांचा नंबर आणि फोनला रेंज कुठे मिळते, हे पोहोचताच शोधून ठेवावे.

वाटेवर पायी आणि सायकलवर येणाऱ्यांनी घोड्याला वाट द्यावी, असा सर्वसाधारण शिष्टाचार आहे, पण तो सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. समोरच्याला दुरूनच हाक द्यावी, उताराच्या बाजूला थांबण्याची विनंती करावी आणि बोलत राहण्यास सांगावे, कारण माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, तेव्हा फावडे आणि मजबूत पिशव्या आणाव्यातच. लीद नेमून दिलेल्या जागी टाकावी, सांडलेली वैरण वेचावी आणि उकरलेले खड्डे भरून जमीन सपाट करावी. हे सर्व घोडा ट्रेलरमध्ये चढवण्यापूर्वी उरकावे, म्हणजे त्याला बंद ट्रेलरमध्ये ताटकळत उभे राहावे लागत नाही. मग खुरांतील खडे काढावेत, पाठीवर आणि तंगाच्या (खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याच्या) जागी सूज किंवा घासल्याची खूण आहे का ते हाताने चाचपावे, आणि पाणी पाजून निघावे.