लेकरांकडं युरोपला निघालात? डायरेक्ट-कनेक्टिंग तिकिटाच्या या चुका टाळा

"मुंबईहून डायरेक्ट विमान आहे, मग कसली काळजी?" लातूर, परभणी, बीडकडचे आईवडील पहिल्यांदा जर्मनीला किंवा नेदरलँड्सला मुलांकडं निघतात, तेव्हा हे वाक्य हमखास कानावर येतं. विमान मुंबईहून डायरेक्ट असतं हे खरं. पण आपला प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. म्हणून मराठवाड्यातल्या माणसासाठी प्रत्येक तिकीट कनेक्टिंगच, म्हणजे मधे बदलून पुढं जायचं असतं. पहिलं कनेक्शन म्हणजे मुंबई गाठणं, आणि रेल्वे किंवा गाडीनं निघून तेच चुकलं तर विमान कंपनी जबाबदारी घेत नाही.

मध्यरात्रीची तारीख नीट न वाचणं

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर उडतात. माझ्या मामा-मामींच्या तिकिटावर १२ मे, ००:५५ असं छापलं होतं. त्यांनी १२ तारखेची रात्र धरली आणि १२ ला सकाळच्या रेल्वेनं संभाजीनगरहून निघाले. गाडी इगतपुरीत असताना म्युनिकहून मुलीचा फोन आला, "आई, मी विमानतळावर उभी आहे, तुम्ही कुठं आहात?" विमान त्यांच्याशिवाय केव्हाच पोचलं होतं. मामी त्या दिवशी गाडीत रडली ते मी विसरू शकत नाही. १२ तारखेचं ००:५५ म्हणजे ११ तारखेला रात्री नऊच्या सुमारास विमानतळावर हजर. कॅलेंडरवर ११ या आकड्याभोवती गोल करा, १२ भोवती नको.

मुंबई गाठायला वेळ कमी ठेवणं

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तेव्हापासून "सहा तासांत मुंबई" असा हिशोब सगळे सांगतात. आमण्यापर्यंत गाडी सुसाट जातेच. वेळ खातो तो पुढचा भिवंडी-ठाण्याचा पट्टा, आणि संध्याकाळी तिथं काय होईल सांगता येत नाही. रात्रीच्या विमानासाठी दुपारी चारपर्यंत मुंबईत असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून विमानानं जाणार असाल तर ते मुंबईत कोणत्या टर्मिनलला उतरतं ते आधी पाहा. टर्मिनल एकवर उतरलात तर आंतरराष्ट्रीय विमानासाठी टर्मिनल दोनला सामानासकट रस्त्यानं जावं लागतं.

मुंबईशिवाय दुसरा विचारच न करणं

नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर इथल्या लोकांना हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. नांदेडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आत, मुंबई त्याच्या दुप्पट. शमशाबादच्या विमानतळावरून लंडनला ब्रिटिश एअरवेज आहे, २०२४ पासून फ्रँकफर्टला लुफ्थान्सा आहे, दुबई आणि दोहामार्गे जाणारी विमानं तर आहेतच. तरीही लोक सवयीनं मुंबई धरतात आणि साठी ओलांडलेल्या माणसांना विमानात बसण्याआधीच थकवून टाकतात. तिकीट शोधताना दोन्ही शहरं टाकून बघा.

डायरेक्ट म्हणजे नॉन-स्टॉप समजणं

डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच. मधे विमान एखाद्या शहरात उतरू शकतं. कुठंच न थांबणारं ते नॉन-स्टॉप. तिकिटावर थांब्यांची संख्या शून्य आहे का, एवढं पाहिलं की झालं.

दोन स्वस्त तिकिटं जोडून एक प्रवास करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मुंबई ते दुबई एक तिकीट, दुबई ते जर्मनी दुसरं, मिळून पंधरा-वीस हजार वाचतात. पण पीएनआर दोन असले की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेले प्रवासी. पहिलं विमान लेट झालं तर पुढचं तिकीट गेलं. शिवाय सामान थेट शेवटपर्यंत जाईलच असं नाही. ते मधे ताब्यात घ्यायचं तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर कनेक्शन चुकल्यास पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं.

आता याची उलटी बाजू. चिकलठाणा-मुंबई-फ्रँकफर्ट असं एकच तिकीट काढलं आणि मुंबईला पाहुण्यांकडं आधीच गेलो म्हणून पहिला टप्पा सोडून दिला, तर साधारणपणे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात, परतीचेसुद्धा. काउंटरवर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. बेत बदलला तर आधी फोन करून तिकीट बदलून घ्या.

कुठं किती वेळ थांबायचं हे न बघणं

दुबई, दोहा, इस्तंबूलला एकाच तिकिटावर विमान बदलताना इमिग्रेशन नसतं. सुरक्षा तपासणी आणि भरपूर चालणं असतं. दोन ते चार तासांचं अंतर पुरतं. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमला विमान बदलून पुढं शेंगेन देशातल्याच (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या शहरी जायचं असेल तर गोष्ट वेगळी. पासपोर्ट तपासणी त्या पहिल्याच विमानतळावर होते, पुढचं विमान मग देशांतर्गत असल्यासारखंच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवी प्रवेश-नोंद पद्धत आणायला सुरुवात केली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग लांबते. वेबसाइट सव्वा तासाचं कनेक्शन बिनदिक्कत विकते. आईवडिलांसाठी ते घेऊ नका, तीन तास ठेवा. आणि विमान बदलायच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा भारतीय पासपोर्टला लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर पाहा. हे नियम बदलत असतात, शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

आकाशातले रस्ते बंद होतात हे विसरणं

फेब्रुवारी २०२२ पासून रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास त्यामुळं तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, त्याचा फटका दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या भारतीय विमानांना जास्त बसला. जून २०२५ मध्ये कतारची हद्द काही तास बंद झाली आणि दोहामार्गे जाणारे हजारो लोक अडकले. म्हणून मार्ग निवडताना त्या महिन्यातल्या बातम्या वाचा. आखातात तणाव असेल तर चार पैसे जास्त देऊन नॉन-स्टॉप घ्या.

भरपाईचा हक्क माहीत नसणं

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आपल्यालाही लागू होतो, पासपोर्ट कुठलाही असो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी चार तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल, तर माणशी ६०० युरो मिळतात. गोम दिशेत आहे. युरोपीय संघातल्या देशातून निघताना कंपनी कुठलीही असली तरी नियम लागू. भारतातून तिकडं जाताना मात्र विमान युरोपीय संघातल्या कंपनीचं असेल तरच. म्हणजे मुंबईहून दोहामार्गे कतार एअरवेजनं जाताना हा हक्क नाही, त्याच तिकिटावर परत येताना आहे. वादळ किंवा हद्द बंद पडणं अशा कारणांना ही रक्कम मिळत नाही, पण जेवण आणि मुक्कामाची सोय तेव्हाही करावी लागते. बोर्डिंग पास फेकू नका, फोटो काढून मुलांना पाठवा.

पिशवीतला खाऊ

बाळंतपणाला निघालेली आई डिंकाचे लाडू, तूप, पेढे, अनारसे बांधतेच. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवा. त्याहून गंभीर गोष्ट खसखशीची. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं गुन्हा आहे. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाताना खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेला मसाला अजिबात नको. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवरही तिथं कडक निर्बंध आहेत. सुकं खोबरं तेलकट असल्यानं पेट घेऊ शकतं म्हणून विमानतळावर काढून ठेवतात. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच हव्यात.

व्हीलचेअर मागायला संकोच करणं

चालता येत असलं तरी मागा. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी कळवा. साधारणपणे पैसे लागत नाहीत. सोबतचा माणूस इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत नेतो, त्यामुळं इंग्रजी न येणाऱ्यांची निम्मी अडचण सुटते. ही सोय असेल तर कनेक्टिंग विमानाचा मी बाऊ करत नाही. उलट गुडघे धरणाऱ्या माणसाला सलग नऊ तास बसण्यापेक्षा मधे उतरून पाय मोकळे करणं बरं पडतं. पहिल्यांदाच आणि एकटं जाणाऱ्याला मात्र नॉन-स्टॉपच द्यावं.

परतीचं घाईचं विमान

येताना मुंबईत उतरल्यावर पुढं चिकलठाण्याचं तिकीट असलं तरी सामान साधारणपणे मुंबईतच घ्यावं लागतं, कारण कस्टम्स तिथं होतं. मग ते पुन्हा जमा करायचं. वेगळ्या पीएनआरचं देशांतर्गत विमान असेल तर मधे किमान पाच तास ठेवा. युरोपचं विमान पहाटे उतरत असेल तर संध्याकाळचं चिकलठाणा घ्या.