नाटकाची तिकिटं ब्लॅक होऊ न देता कशी विकायची

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की नाटक लावायचं ठरतंच. हॉल, तारीख, नाटक कंपनी ठरलीय असं धरून पुढचं सांगतो.

कंपनीकडून परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाची संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राची झेरॉक्स घ्या आणि पोलिस स्टेशनला अर्ज टाका. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहासारखा बंद हॉल असेल तर बरं, मैदानात मंडप घालणार असाल तर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, त्यामुळे जेवून-बिवून निवांत सुरू करू ही गोष्ट डोक्यातून काढा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवा, तेवढ्यावर जीएसटी नाही.

आता वाटप, इथेच सगळी माती होते.

पहिल्या वर्षी आम्ही कार्यकर्त्यांना पन्नास-पन्नासची बुकं देऊन टाकली, विश्वासावर. पुढच्या दोन रांगा एकाच माणसाने उचलल्या आणि प्रयोगाच्या दिवशी गेटवर ३०० चं तिकीट ७०० ला, शिव्या मात्र मला, कारण पावतीवर नाव माझं. "कायदेशीर कारवाई करा" म्हणणारे खूप भेटतात हो. कोल्डप्ले या परदेशी बँडच्या कार्यक्रमाच्या वेळी तिकिटांच्या काळ्या बाजारावर जनहित याचिका झाली होती, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती फेटाळली, यावर कायदा करायचा की नाही हे सरकारने आणि विधिमंडळाने बघायचं म्हणून. तेव्हा कायद्याची वाट बघू नका, बंदोबस्त आपल्या बुकातच करायचा.

प्रत्येक तिकिटावर सीट नंबर, अर्धुकावर, म्हणजे बुकात आपल्याकडे राहणाऱ्या अर्ध्या भागावर, घेणाऱ्याचं नाव आणि मोबाईल. एका माणसाला चारच, मग तो सरपंच असो की तुमचा मेव्हणा. पहिल्या तीन रांगा कोणाच्या बुकात द्यायच्याच नाहीत, त्या फक्त काउंटरवर.

"जादा दराने विकल्यास तिकीट रद्द" असं छापा, पण नुसतं छापून काय उपयोग नाही, मीही वर्षभर त्याच भ्रमात होतो. माणूस तिकीट विकतो कधी, तर घरात कोण आजारी पडलं, येणं जमत नाही, आणि पैसे परत मिळायची सोय नाही. म्हणून प्रयोगाच्या दिवशी दुपारी १२ पर्यंत तिकीट छापील किमतीला परत घ्या आणि वेटिंगच्या वहीतल्या पुढच्या नावाला फोन करा. मंडळातले म्हणतील नुकसान होईल, आमचं एकदाही झालं नाही, उलट गेटवरचा बाजार आपोआप उठला.

तरी कोणी जादा पैसे मोजून आलाच तर त्याच्याशी भांडू नका, त्याला आत सोडा आणि अर्धुकावरचं मूळ नाव वहीत लिहून ठेवा. त्या नावाला पुढच्या वर्षी तिकीट नाही.

आणि तिकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाच पाठवू नका, एका सीटवर तीन माणसं येतात. गेटवर कागदी तिकीट बघायचं, फाडायचं, अर्धं आपल्या डब्यात.