जुना लॅपटॉप थेट काळ्या पडद्यावर

माझ्या दोन जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. तो आता फक्त घरातल्या फाइली सांभाळतो, मग रंगीत लॉगिन कशाला हवं? नुसत्या अक्षरांचा काळा पडदा (कन्सोल) पुरे.

आधी एकदाच करून बघा. लॅपटॉप सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नुसता ३ लिहा (इंग्रजी आकडा हं!) आणि कंट्रोल-एक्स. मशीन काळ्या पडद्यावर येईल. पुढच्या वेळी सगळं पूर्ववत.

जमलं, तर ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) देऊन कायमचं करा: 'सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट'. परत फिरायचं झालं तर त्याच आज्ञेत शेवटी 'ग्राफिकल.टार्गेट' लिहायचं. काही काढून टाकायची गरज नाही. डेस्कटॉप तिथेच झोपून राहतो. कधी तेवढ्यापुरता लागलाच तर 'सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल.टार्गेट'.

मी फसलो ते वायफायपाशी. पासवर्ड डेस्कटॉपच्या किल्ल्यांच्या जुडग्यात (कीरिंग, म्हणजे पासवर्ड साठवण्याची जागा) होता. डेस्कटॉप नाही, तर जुडगा उघडणार कोण? अर्धा तास राउटरला शिव्या घातल्या. शेवटी 'सुडो एनएमटीयूआय' (काळ्या पडद्यावरच नेटवर्क जोडायचं साधन) चालवून जोडणी सगळ्या वापरकर्त्यांसाठी खुली केली, पासवर्ड पुन्हा टाकला. हे तुम्ही आधीच उरकून घ्या.

आणि हो, या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही. 'आईचे फोटो' नावाच्या फोल्डरच्या जागी मला नुसते चौकोन दिसले. फोल्डरांची नावं रोमन लिपीत ठेवा, नाहीतर माझ्यासारखे चौकोन मोजत बसाल.